दोन्ही कान झाकलेस ना?

“दोन्ही कान झाकलेस ना रे?”

मित्रांनो, हा आवाज ज्याचा होता तो माणूस आता या जगात नाही. पण माझ्या तारेत तो अजून वस्तीला आहे. इंजिन धडधडू लागलं की आधी तोच ऐकू येतो, मग बाकीचे.

मी एक जुना हेडसेट आहे. गाणी ऐकायचा नव्हे, विमान दुरुस्त करणाऱ्यांचा. खाली विमानाच्या नाकाशी उस्ताद उभा राही, वर कॉकपिटमध्ये त्याचा जोडीदार बसे, आणि त्या गदारोळात दोघांना बांधून ठेवणारा मी. जोडीदार वरून गुणगुणायचा :

इंजिन घुमे घुमे, शब्द उडे वाऱ्यावर,
तुझा बोल कानी येई, माझा जीव थाऱ्यावर.

उस्तादाला एक खोड होती. “इंजिनाचं दुखणं उघड्या कानालाच कळतं,” म्हणत तो माझी डावी वाटी कानामागे सारायचा. वरून प्रश्न यायचा, तोच, रोजचा. उस्ताद खुशाल सांगायचा, “झाकलेत, झाकलेत! तू तुझे काटे बघ.” मी दुसऱ्यांचे बोल वाहणारा, मला माझा बोल नाही. काय करणार?

माझ्या उजव्या वाटीची गादी घामानं कितीदा झिजली, बदलली. डावीची अजून कोरी आहे. कुणी न राहणाऱ्या घरासारखी ती, आत नुसता गडगडाट येऊन बसायचा. पुढे उस्तादाच्या डाव्या कानातही तेवढाच उरला. मग तोही विझला. पण फक्त आवाजावरून इंजिन ओळखणारा अशी त्याची ख्याती. आपल्याच तोंडानं तिला बट्टा कोण लावील? जोडीदार आजारात गेला, तोही हे न कळताच.

आता माझी तार जागोजागी तुटते आणि सुटे भाग मिळेनासे झालेत. साऱ्या मिस्त्र्यांसाठी परवडणारे नवे हेडसेट घ्यायचे ठरले. निवड अर्थातच उस्तादाकडे. टेबलावर दोन नमुने आले. एक फुलासारखा हलका, चकचकीत. दुसरा जड, ओबडधोबड, पण कानांवर घट्ट बसणारा, गाद्या नि तार बदलता येणारा. किंमत जवळपास सारखीच.

इंजिन सुरू केलं. कॉकपिटमध्ये उस्तादाची भाची बसली होती, नवी मिस्त्रीण. उद्यापासून खाली तिलाच उभं राहायचं होतं. उस्तादानं दोन्ही नमुने घालून पाहिले, मग जुन्याशी ताडून बघावं म्हणून मला डोक्यावर चढवलं. सवयीनं माझी डावी वाटी मागे गेली.

“हलकाच घेऊ गं. आवाज कसा स्वच्छ आहे! मान पण दुखणार नाही.”

“मामा, सकाळी मी तो घातला तर डावीकडून नुसती घरघर आत येत होती. तुम्हाला नाही आली?”

“छे!”

“मग माझाच कान कच्चा. तुमचा कान म्हणजे काय, शेवटचा शब्द! सगळ्यांना हलकाच मागवू.”

माझ्या तारेत जुनी वस्ती जागी झाली. मित्रांनो, वस्तू जपा, पण ती ज्याच्यासाठी केली त्या कानाला आधी जपा. वस्तूला नवी गादी मिळते. हे मला तेव्हा ओरडून सांगायचं होतं. पण बोलली ती भाचीच. खाली बघत, सहज :

“मामा, दोन्ही कान झाकलेत ना?”

मला वाटलं, जोडीदारच बोलला. उस्तादालाही वाटलं असावं. कारण त्यानं चटकन वर पाहिलं. त्याचा हात माझ्या कोऱ्या गादीवर आला.

“नाही गं, पोरी,” तो म्हणाला. “कधीच झाकले नाहीत. डावा कान गेलाय माझा. कधीचाच. तुला आली ती घरघर खरी. जडच मागव.”