उजव्या डोळ्यातलं धुकं

"हे पुन्हा का पेटलं?" डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासायच्या यंत्रावरून चेहरा बाजूला घेत विचारलं. आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. आजही अर्धी रजा काढून, सुपरवायझरची बोलणी खाऊन लेकीला घेऊन आली होती.

डोळा पहिल्यांदा लाल झाला तेव्हा घरच्यांनी मोबाईलला दोष दिला. मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या थेंबांत बरेच आठवडे गेले. सूज डोळ्याच्या आत आहे, हे इथे, डोळ्यांच्या इस्पितळात आल्यावर कळलं. रक्त तपासून झालं, छातीचा फोटो झाला, सांधेही सुजलेत का म्हणून गुडघे दाबून पाहिले. शरीराची राखण करणारी शक्तीच डोळ्यावर उलटली असावी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. का उलटली, ते त्यांनाही नक्की सांगता येईना. कुंपणानेच शेत खाल्लं, एवढं आईला समजलं. पण रागवायचं कुणावर?

आज रागवायला कुणीतरी सापडलं. खोदून विचारल्यावर लेकीने कबूल केलं की कित्येक दिवस ती सूज उतरवायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या बेसिनमध्ये थुंकत होती. अशा गोळ्या एकदम सोडणं जिवावर बेततं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

बाहेर जिन्यात आईने तिला फैलावर घेतलं. रजा, हेलपाटे, जागरणं, सगळं काढलं. पोरगी कठड्याला टेकून ऐकत राहिली. तिचा गोळ्यांनी सुजलेला चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"वर्गात मला भोपळा म्हणतात," ती शेवटी म्हणाली. "डोळा वाचेल गं आई. पण आरशात मी कुठे आहे?"

आई तशीच आत गेली आणि दुसरं काहीतरी द्या म्हणून अडून बसली. एक इंजेक्शन होतं, आठवड्यातून एकदा घरीच घ्यायचं. त्याने ती उलटलेली शक्ती दबते, मग गोळ्या हळूहळू कमी करता येतात. गुण उशिरा येतो, रक्त सतत तपासावं लागतं. आणि उजव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

नर्सने आईला सुई कशी द्यायची ते शिकवलं. रविवारी सकाळी आई पलंगापाशी बसली, पण तिला सुई टोचवेना. लेकीने सिरिंज तिच्या हातातून काढून घेतली आणि मांडीची कातडी चिमटीत धरली.

"तू तिकडे बघ," ती म्हणाली.

आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.