याच्यापेक्षा वाईट माणसं आहेत

“‘याच्यापेक्षा वाईट माणसं आहेत,’ असं म्हणाला तो,” व्हर्ना म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिचं तोंड बघून मला कळलं, ट्रोयरचा उधारीचा अर्ज आता केराच्या टोपलीत जाणार.

मी तिच्या खिडकीशी पावत्या घ्यायला उभा होतो. आमचं छपराच्या पत्र्यांचं गोदाम आहे, ओहायोत. माल बिल्डर लोकांना जातो, तीस दिवसांच्या उधारीवर. कोण उधारीच्या लायकीचा हे बावीस वर्षं व्हर्नाच ठरवते. मी ट्रक चालवतो. शाळा आठवीत सुटली, पण कोणाच्या अंगणात काय पडलंय ते मला बरोबर दिसतं.

हा एमोस ट्रोयर म्हणजे आमिश, वीज-मोटार न वापरणाऱ्या जुन्या ख्रिस्ती पंथातला, घोडागाडीवाला. बांधकामं घेतो, हाताखाली सहा माणसं. एका शेतकऱ्याचा गोठा जळाला होता, त्याच्या छपराला अठरा हजार डॉलरचे पत्रे पाहिजे होते. थंडी पडायच्या आत काम झालं नाही तर नव्वद गाई उघड्यावर. एरवी ट्रोयर रोखीनं माल न्यायचा, पण एवढी रोख कोण बाळगतो? व्हर्नानं त्याचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीचा हिशेब, मागवला तर तो कोरा. जन्मात कर्ज नाही, कार्ड नाही, गाडीचा हप्ता नाही.

“हा माणूस जन्मालाच आला नाही, असं म्हणतंय हे मशीन,” ती म्हणाली.

उन्हाळ्यात एका कंपनीचा रिपोर्ट आला होता, अगदी फ्रेम करून भिंतीवर लावावा असा. व्हर्नानं माल सोडला आणि कंपनी दोन महिन्यांत बुडाली. मालक ब्रेंट तिला म्हणाला, अजून एकदा असं झालं तर खुर्ची खाली कर. एकसष्ट वर्षांची बाई. नवऱ्याला रोज इन्सुलिन लागतं, आणि ते हिच्या नोकरीच्या विम्यावर चालतं.

म्हणून ती अर्जातल्या दुकानदारांना फोन लावत बसली होती. ट्रोयर ज्यांच्याकडून माल घेतो अशी तीन नावं होती. आमिश लोकांचा फोन घरात नसतो, वाटेच्या टोकाला खोपटात असतो, त्यामुळं दोघांनी उचललाच नाही. तिसरा योडर, लाकूडवाला, नेमका तिथं होता. आणि तो हे बोलला.

“याचा अर्थ काय घ्यायचा मी?” ती म्हणाली. “चोर नाही, एवढंच ना?”

मी तिला म्हणलं, “योडरचा तपकिरी घोडा बघितलायस?”

“घोड्याचं काय मधेच, हर्शेल?”

“अकरा वर्षं मागतोय मी तो, माझ्या पोरीसाठी. म्हणशील ती किंमत देतो म्हणलं. विकत नाही. कसा आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, याच्यापेक्षा वाईट घोडे आहेत.”

तिनं चष्मा काढला.

मी तिला सांगितलं, ही माणसं कोणाची स्तुती करत नाहीत. ते त्यांच्यात गर्वाचं समजतात. नावडता माणूस असता तर योडर म्हणाला असता, मला फार माहिती नाही. वर हेही सांगितलं, की ट्रोयरच्या अंगणात मी कधी गंजलेला खिळा बघितला नाही.

तिनं अर्ज परत पुढं ओढला. मग म्हणाली, “हर्शेल, तू चुकलास तर मी तुझ्याच घरी राहायला येईन, नवऱ्यासकट.” आणि सही केली.

पत्रे गेले, छप्पर चढलं. शेतकऱ्यानं ट्रोयरला लगेच पैसे दिल्याचं साऱ्या गावाला माहीत. पण आमच्याकडं चेक येईना. विसावा दिवस गेला, पंचविसावा गेला. ब्रेंट येता-जाता तिच्या टेबलाशी थांबायला लागला. ती ट्रोयरच्या खोपटातल्या फोनवर लावायची, तर तो नुसता वाजत राहायचा. डबासुद्धा न उघडता घरी न्यायची.

तिसाव्या दिवशी चार वाजता गोदामाच्या दारात घोडागाडी थांबली. ट्रोयर टोपी हातात घेऊन आत आला. त्यानं चेक ठेवला, शेजारी स्क्रूची दोन न फोडलेली खोकी. ही जास्त आली होती, म्हणाला.

व्हर्नानं चेक उचलला. “पैसे तर तुम्हाला कधीच मिळाले होते ना?”

“हो. चेक त्याच दिवशी लिहिला. घड्याळाच्या मागं ठेवला होता.”

“मग?”

“तुम्ही तीस दिवस म्हणाला होतात,” ट्रोयर म्हणाला.

तो गेल्यावर व्हर्नानं टेबलाखाली बूट काढले, डबा उघडला आणि उभ्या उभ्याच अर्धं सँडविच खाल्लं. उरलेलं मला दिलं.

वसंतात क्लीव्हलँडच्या एका कंपनीचा तिला फोन आला. ट्रोयरनं अर्जात आमचं नाव दिलं होतं. मी खिडकीशीच होतो. माणूस कसा आहे, असं पलीकडून विचारलं असणार.

व्हर्नानं खिडकीतून माझ्याकडं बघितलं.

“याच्यापेक्षा वाईट माणसं आहेत,” ती म्हणाली. मग पलीकडचं जरा ऐकून घेतलं. “नाही, मी एवढंच सांगते. कळलं नसेल तर तुमचा ट्रक चालवणारा कोण आहे, त्याला विचारा.”

फोन ठेवून तिनं माझ्या पावत्या पुढं सरकवल्या.