पाच माणसांची झोपायची सोय

गुरुदत्त एप्रिलअखेर अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि पुढच्याच रविवारी उमाला म्हणाले, "चल, उल्हासनगरला जाऊन येऊ. एक गाडी बघायची आहे."

साधी गाडी नव्हती ती. त्यांचा मुलगा उन्मेष कॅनडात राहतो. मागच्या खेपेला तो राजसीला आणि इराला घेऊन आला होता, तेव्हा जेवताना सहज बोलून गेला होता, की तिकडे लोक झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन आठ-आठ दिवस भटकतात, पुढच्या वेळी आपणही कोकणात तसंच जाऊ. इराने लगेच विचारलं होतं, "आजोबा, मी वर झोपणार ना?" गुरुदत्त "हो" म्हणाले होते. उन्मेष ते बोलून विसरला असावा. गुरुदत्तांच्या लेखी मात्र "हो" म्हटलं म्हणजे ते ठरलं होतं.

कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला धर्मराजचं वर्कशॉप होतं. मोठ्या व्हॅन घेऊन तो त्यांना आतून पलंग, ओटा, कपाटं बसवून द्यायचा. एका अर्धवट झालेल्या व्हॅनचं दार सरकवून त्याने दोघांना आत बसवलं आणि पहिलाच प्रश्न केला, "साहेब, फॅमिली किती?"

"पाच," गुरुदत्त म्हणाले.

"मग हीच लागेल. ह्याच्यापेक्षा लहान घ्याल तर एकाला टपावर झोपायला लागेल."

उमा हसली. व्हॅनमध्ये ताज्या प्लायवूडचा आणि फेविकॉलचा वास होता. ओट्यापाशी उभी राहून तिने हात पसरून बघितले, पोळपाट मावेल का, मागच्याला धक्का न लावता वळता येईल का. बऱ्याच दिवसांनी दोघं मिळून काहीतरी निवडत होती. तिला बरं वाटत होतं.

पण धर्मराजनेच शेवटी त्यांचं मन वळवलं. "खरं सांगू का साहेब, तुमची फॅमिली वर्षातून एकदा येणार. बाकी वर्षभर ही उभीच राहणार. इंजिन उभं राहिलं की खराब होतं, बॅटरी उतरते. सोसायटीत एवढी मोठी गाडी लावू देणार आहेत काय? त्यापेक्षा ट्रेलर बघा. तुमचीच गाडी पुढे, घर मागे. फक्त त्याचे टायर संभालना पडता है. गाडीचा टायर बसला तर स्टिअरिंगला कळतं. मागच्या ट्रेलरचा बसला तर पुढच्याला पत्तापण लागत नाही."

गुरुदत्तांना हा सल्ला पटला. जूनमध्ये त्यांना बदलापूरजवळच्या सोनिवलीत एक ट्रेलर विकायला असल्याचं कळलं. पावसाचा जोर ओसरला की बघायला जायचं ठरलं.

मधल्या काळात, श्रावणातल्या एका दुपारी, उन्मेषचा फोन आला. गुरुदत्त बँकेत गेले होते.

"आई, यंदा दिवाळीला नाही जमणार गं. राजसीचे आईबाबा इकडे येताहेत. इराच्या सुट्ट्यापण जुळत नाहीत." मग म्हणाला, "बाबांना मी नीट सांगतो. तू नको सांगूस, ते मनाला लावून घेतात."

"कधी सांगशील?"

"रविवारी."

रविवारी फोन आला. बापलेक हवामानावर बोलले, क्रिकेटवर बोलले. उमा दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवून गुरुदत्त म्हणाले, "बरा आहे. पुढच्या रविवारी सोनिवलीला जाऊ या?" त्यावरून तिला कळलं, की त्याने सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तरी सांगेल, असं ती धरून चालली.

सोनिवलीत नव्या टॉवरांच्या मागे जनी नावाच्या बाईचं जुनं घर आणि थोडं अंगण अजून शाबूत होतं. ट्रेलर तिच्या मुलाचा, कमलेशचा. लॉकडाउननंतर हौसेने घेतलेला, दोनदा नेलेला आणि मग आंब्याखाली उभा केलेला. आतून देखणा होता. खाली दोघांचा पलंग, समोर बाक उलगडून आणखी दोघांचा, आणि वर एकाचा अरुंद बर्थ.

गुरुदत्तांनी आधी आत पाऊलच टाकलं नाही. टॉर्च घेऊन ते चाकापाशी उकिडवे बसले.

"काका, टायर काय बघता, नवेच हायत," कमलेश म्हणाला. "नक्षी बघा, घासलीच नाय."

"नक्षी चांगली आहे. पण रबर पाच वर्षांचं आहे." त्यांनी टायरच्या कडेवर कोरलेले, तो कधी बनला ते सांगणारे आकडे दाखवले. मग टायर बोटांनी दाबला. कडेच्या रबराला केसासारख्या बारीक भेगा होत्या. "चालवून झिजला नाही, उभा राहून गेला. उन्हात, एकाच जागी, सगळं वजन अंगावर घेऊन."

कमलेशने वाद घातला नाही. दोन्ही टायर आणि स्टेपनी नवी टाकायची ठरली. सोसायटीत जागा नव्हती म्हणून ट्रेलर जनीच्या अंगणातच ठेवायचा, हेही ठरलं. तेव्हा कुठे गुरुदत्त आत चढले. वाकून त्यांनी वरचा बर्थ हाताने चाचपला.

"उमा, इराचं डोकं कुठल्या बाजूला करायचं? दाराकडे की खिडकीकडे?"

हीच वेळ होती. कमलेश बाहेर फोनवर बोलत होता. आत दोघंच होती. उमाने बर्थकडे पाहिलं आणि म्हणाली, "खिडकीकडे. तिला पडल्या पडल्या बाहेर बघायला आवडतं."

इतक्या सहज तोंडून गेलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

त्यानंतर ते सोपं होत गेलं. पडद्याचं कापड घ्यायला दोघं कॅम्प तीनला गेली. पिवळ्या पक्ष्यांचं कापड दुकानदाराने उलगडलं तेव्हा गुरुदत्त म्हणाले, "इराला आवडेल का? आता नऊ वर्षांची झाली ती." उमा म्हणाली, "आवडेल." लहान उशी घेतली. घरी आल्यावर स्वयंपाकघराचा नळ सोडून ती नुसती उभी राहायची. कुणाला सांगावं असं माणूस तिच्याजवळ नव्हतं. मैत्रिणींना सांगितलं असतं तर त्यांनी उन्मेषला नावं ठेवली असती, आणि ते तिला ऐकवलं नसतं. उन्मेषला मेसेज केला की उत्तर यायचं, "हो आई, सांगतो."

ऑक्टोबरमध्ये रस्ते कोरडे झाले. गुरुदत्तांनी ठरवलं, सगळे यायच्या आधी आपण दोघं एकदा जाऊन येऊ. बदलापूरहून मुरबाड आणि पुढे माळशेजच्या रस्त्याला ओळखीच्या एकांचं शेत होतं, तिथे एक मुक्काम. दोघांनी कामं वाटून घेतली. थांबलं की गुरुदत्तांनी हूक, साखळी आणि मागचे दिवे बघायचे, उमाने ट्रेलरच्या दोन्ही टायरना हात लावायचा. दोन्ही सारखेच कोमट लागले तर ठीक. एक जास्त तापला असेल तर निघायचं नाही.

मुरबाड मागे पडल्यावर एका टपरीपाशी ते चहाला थांबले. गुरुदत्त खुशीत होते. नोकरी सुटल्यापासून इतके खुशीत तिने त्यांना पाहिलं नव्हतं. ते हूक बघायला गेले. उमाने डावा टायर चाचपला. कोमट होता. ती वळसा घालून पलीकडे निघाली तोच फोन वाजला.

"आई, मी आज बाबांना फोन करतो. खूप उशीर झालाय. सांगूनच टाकतो."

उमाने ट्रेलरच्या मागून डोकावलं. गुरुदत्त टपरीवाल्याला ट्रेलरचं दार उघडून आतलं दाखवत होते. "हे वरचं आमच्या नातीचं," असं म्हणत होते.

"आज नको," ती हळू आवाजात म्हणाली. "आजचा दिवस जाऊ दे."

"टायर बघितलेस?" गुरुदत्तांनी विचारलं.

"बघितले," ती म्हणाली, फोन पिशवीत टाकला आणि गाडीत जाऊन बसली.

फार पुढे गेले नसतील. मागून धाडकन आवाज झाला, आणि सगळी गाडी कुणीतरी शेपटी धरून हलवावी तशी डावी-उजवी हलू लागली. उमाने डोळे मिटून दाराची कडी धरली. गुरुदत्तांनी ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग सरळ धरून, ॲक्सिलरेटरवरचा पाय नुसता काढून घेऊन, गाडी आपोआप मंद होऊ दिली आणि कडेच्या मातीत उतरवली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न देत वळसा घातला.

उजव्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. कुणाला काही लागलं नव्हतं. गुरुदत्तांनी चाकांमागे दगड लावले, जॅक काढला, पाना काढला. चाक उतरवल्यावर त्यांनी व्हॉल्व निरखून पाहिला. "ह्यातून हवा जात असणार. थोडी थोडी, सोनिवलीपासून. बसका टायर चालला की तापतोच." मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. "हात लावलास तेव्हा गरम नाही लागला?"

"ह्याला लावला नाही."

"बघितले म्हणालीस."

"उन्मेषचा फोन आला होता."

"काय म्हणत होता?"

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. उमा पदर सावरून उभी होती. आता खोटं बोलायचं तिच्यात त्राण उरलं नव्हतं. "दिवाळीला येत नाहीत ते," ती म्हणाली. "राजसीचे आईबाबा तिकडे जाणार आहेत."

गुरुदत्तांनी स्टेपनी बसवली. एकेक नट आधी हाताने, मग पान्याने, समोरासमोरचे आवळले. सगळं झाल्यावर हात पुसत विचारलं, "आजच कळलं?"

"नाही. श्रावणात."

ते बराच वेळ हातच पुसत राहिले. "मी तुला विचारत होतो, डोकं कुठल्या बाजूला करायचं," ते म्हणाले. "पडदे विचारत होतो. आणि तू मला सांगत होतीस."

स्टेपनी लागून गेली होती, आता दुसरी नव्हती. गुरुदत्तांनी गाडी परत वळवली. सोनिवलीला जनी पडवीत सुकट निवडत बसली होती.

"काय झाला गो बाय? रातभर रवणार होतेव ना?"

"टायर फुटला," उमा म्हणाली.

दिवाळी झाली. पाडव्याला उन्मेषचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, सॉरी, यंदा नाही जमलं," तो म्हणाला. गुरुदत्त म्हणाले, "हो, आईने सांगितलं. थंडी पडली का?" तेवढ्यावर विषय संपला. रागावले असते, बोलले असते, तर उमाला परवडलं असतं. तसं काही नव्हतं. जेवताना आमटी वाढ म्हणायचे, पेपरातलं काही वाचून दाखवायचे. फक्त तिला काही विचारत नव्हते. भाजी कुठली आणू, पंखा बंद करू का, एवढंसुद्धा नाही. स्वतःच ठरवायचे आणि करायचे. रविवारी सकाळी हवा भरायचा पंप घेऊन एकटेच सोनिवलीला जायचे आणि जेवणवेळ टळल्यावर यायचे. उमा ताट झाकून ठेवायची.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी तिने ताट झाकलं नाही. डबा भरला, स्टेशनपर्यंत रिक्षा, मग लोकल, बदलापूरहून दुसरी रिक्षा, अशी सोनिवलीला गेली.

"आत हायत," जनी म्हणाली. "हवा भरतान, मंग आत बसून रवतान. मी च्या देते तर नको सांगतान."

ट्रेलर आता आंब्यापासून लांब होता, वर ताडपत्री होती. चाकं जमिनीपासून बोटभर वर उचलून, खाली लाकडी ओंडके दिले होते. उमा पायरी चढून आत गेली. गुरुदत्त बाकावर बसले होते. त्यांनी नुसतं वर पाहिलं. ती समोरच्या पलंगावर टेकली आणि डबा मध्ये ठेवला. दोघांचे गुडघे जवळजवळ लागत होते, इतकी ती जागा लहान.

"मी तुम्हाला फसवायचं म्हणून नव्हते सांगत," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी गप्प बसले ती उन्मेषसाठी. नंतर माझ्यासाठी. तुम्ही विचारायचात आणि मी सांगायचे, इराला हे आवडेल, ते आवडेल. तेवढा वेळ ती येणार आहे असं वाटायचं मला. घरात दुसरं काय बोलायला होतं आपल्याकडे?"

गुरुदत्त खिडकीबाहेर बघत होते. जनीच्या कोंबड्या ताडपत्रीच्या सावलीत येऊन बसल्या होत्या.

"येणार नाहीत, असं मलाही वाटलं होतं एकदा," ते सावकाश म्हणाले. "उन्मेष फोनवर दिवाळीचं बोलतच नव्हता. विचारावंसं वाटलं. नाही विचारलं."

त्यांनी डबा उघडला. पोळी तोडून भाजीला लावली आणि डबा अर्धा तिच्याकडे सरकवला. दोघं जेवली. जेवून झाल्यावर ते म्हणाले, "कमलेशकडे एक गिऱ्हाईक आहे. कल्याणचं. तीन मुलं आहेत." मग म्हणाले, "तुला काय वाटतं? द्यायचा का?"

आतापर्यंत उमा भराभर उत्तरं देत आली होती. ह्या वेळी तिने खरंच विचार केला.

"नको देऊ या," ती म्हणाली. "पण उन्मेष-इरासाठी म्हणून ठेवायचा नाही. ते आले तर आले."

"मग आपण दोघंच?"

"दोघंच."

गुरुदत्तांनी कमलेशला फोन लावून गिऱ्हाईक नको म्हणून सांगितलं. फोन खिशात ठेवून ते म्हणाले, "कुठे जायचं सांग. तू म्हणशील तिथे."

उमा विचार करू लागली. उन्मेषला कुठे आवडेल, इराला काय दाखवता येईल, ह्याची ठिकाणं तिच्या डोक्यात तयार होती. स्वतःला कुठे जावंसं वाटतं, ते मात्र काही केल्या सुचेना. गुरुदत्त वाट बघत होते.

"मला माहीत नाही हो," ती शेवटी म्हणाली. "मला थोडे दिवस द्या."