जिवलीचा कोंबडा

मला एक सांगा, चौथीतल्या पोरीला पाप म्हणजे काय ते कशाला शिकवायचं? मी शिकवते. पगार घेते त्याचा.

उधवा गावाच्या पुढे आमची मिशनची शाळा. तिथे धर्माचा तास माझ्याकडे. मी पुष्पा टीचर, मूळची वसईची. लेक आणि नातू अजून तिकडेच. वर्गात ख्रिस्ती मुलं मोजकी, बाकी सगळी पाड्यांवरची, वारली समाजाची. ज्यांना नको त्यांनी त्या तासाला बाहेर खेळावं, असं सिस्टरांनी पालकांना सांगून ठेवलंय. पण माझ्या गोष्टी ऐकायला झाडून सगळी आत बसतात. त्याचा मला केवढा तोरा होता, काय सांगू!

त्यांत जिवली सगळ्यांच्या पुढे. गोष्ट अर्धी राहिली की दारात आडवी येऊन, "मग काय झालं, सांग ना टीचर!" इकडे लहान-मोठे सगळ्यांना अरे-तुरेच करतात. पहिल्या वर्षी मी चिडायचे. आता कोणी अहो-जाहो केलं की वाटतं, माझं काही चुकलं की काय.

ऑक्टोबरात आम्हा वसईकडच्यांचा आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या देवळात न्यायच्या, फादरांनी आशीर्वाद दिला की त्या तांदळाची खीर करायची. वारल्यांचंही तसंच. घरच्या देवांना नवं दाखवल्याशिवाय नवा दाणा तोंडात घालायचा नाही. भगत येतो, कोंबडा देतात, मग सगळे जेवतात. मला वाटलं, वा! तुमचं-आमचं एकच की. या वर्षी शाळेत आगेरा करू या.

"सांभाळून हं, पुष्पा," सिस्टर म्हणाल्या.

सांभाळलंच की मी! खीर वाढण्याआधी एकेकाला विचारलं, घरी नवं झालं का? नाही म्हणाले त्यांच्या हातावर केळं ठेवलं. जिवली खिरीच्या पातेल्याकडे बघत म्हणाली, "झालं." आणि वाटी चाटूनपुसून खाल्ली.

झालं नव्हतं. भगत दुसऱ्या पाड्यावर अडकला होता म्हणून त्यांचं नवं लांबलं होतं.

मला काय माहीत! उलट पुढच्याच तासाला मी खऱ्या-खोट्याचा धडा घेतला, आणि घेतला तोही अगदी हातवारे करून. "खोटं माणसांपासून लपतं, देवापासून लपत नाही. आणि कोंबडा-बकरं देऊन देव फसत नाही बरं का! त्याला मन लागतं, स्वच्छ मन." पोरं कशी गप्प बसली होती. जिवली तर पापणी हलवत नव्हती. मी म्हटलं, व्वा पुष्पा, आज रंगला तास.

त्याच संध्याकाळी तिच्या धाकट्या भावाला, नविनला, ताप चढला आणि आकडी आली. जीपमध्ये घालून त्याला कासा गावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पोर वाचलं, पण डावा हात लुळा पडला. येईल हळूहळू, बघू, असं डॉक्टर म्हणाले. जिवलीने घरी खिरीचं सगळं सांगून टाकलं आणि शाळेत यायची बंद झाली.

मी तिच्या पाड्यावर गेले ते शिव्या खायच्या तयारीनेच. तिच्या बापाने, लाहूने, खाट टाकली. पाणी दिलं. डोकरी, म्हणजे तिची आजी भिकी, नविनला मांडीवर घेऊन बसली होती.

"पोर आहे. खीर दिसली, खाल्ली," डोकरी म्हणाली. "भगताला बोलावला. देवांना कोंबडा दिला, मान दिला. ते आता रागात नाहीत."

"आमच्या देवांचं मिटलं," लाहू म्हणाला. "पण जिवली म्हणते, टीचरच्या देवाचं राहिलं. त्याला काय लागतं ते तू सांग. ही शाळेत येणार नसेल तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर सोबत नेतो. नविनला तरी धरेल."

"वीटभट्टीवर? अरे देवा, हुशार पोर आहे ती!" मी जवळजवळ ओरडलेच. "काही लागत नाही त्याला. माफी मागायची, बस्स."

आतून जिवलीचा आवाज आला. "मागितली. रोज मागते. हात हलत नाही त्याचा."

"अगं बाई, खीर खाल्ली म्हणून देव लहान बाळांना आजारी पाडत नाही!"

ती दारात आली. "मग काय बघतो तो? तूच बोललीस, त्याच्यापासून लपत नाही."

एका नजरेत आख्खा वर्ग गप्प करणारी मी. आणि माझंच एकेक वाक्य माझ्या अंगावर येत होतं.

ती मागच्या बाजूला गेली आणि कोंबडा घेऊन आली. लालबुंद, मानेवर सोनेरी झाक. पिल्लू होतं तेव्हापासून तिनेच वाढवलेला. तिच्या काखेत कसा शांत बसला होता.

"याला घेऊन जा. तुझ्या देवाला दे. त्याने घेतला की मी शाळेत येते."

"जिवले, तो घेत नाही गं असं काही."

डोकरीने माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली. "घे," ती म्हणाली. "देव घेतच नाही म्हटलं तर पोरीने करायचं काय?"

घेतला. जीपमध्ये मांडीवर कोंबडा. "टीचर, आज मजा आहे वाटतं!" ड्रायव्हर म्हणाला. एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी रडू फुटेल म्हणून खिडकीबाहेर बघत बसले.

कापायला मन होईना, परत द्यायची सोय नव्हती. शेवटी सिस्टरांच्या कोंबड्यांत सोडला आणि सगळं त्यांना सांगितलं. "पोरीला खरं सांग पुष्पा, की देवाची माया फुकट असते," सिस्टर म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही सांगता का?" त्या माळ ओढत राहिल्या. चॅपलमध्ये मी गुडघे दुखेपर्यंत बसले. देवा, तूच काढ बाबा यातून. काही सुचलं नाही.

सोमवारी प्रार्थनेआधी जिवली आली. डोक्याला तेल चोपडलेलं, गणवेश, पाठीला दप्तर. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"घेतला त्याने?"

खरं सांगितलं तर वीटभट्टी. बाकी मला काही दिसलंच नाही.

"घेतला," मी म्हटलं.

"मग रागात नाही?"

"नाही गं राणी. मुळीच नाही."

तिचे खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी हसली पोर. दप्तर काढून हातात घेतलं आणि वर्गाकडे वळली. तेवढ्यात सिस्टरांच्या स्वयंपाकघरामागे कोंबडा आरवला. थांबून पुन्हा आरवला, अगदी घसा ताणून.

आपला कोंबडा पाड्यावरचं पोर आवाजावरून ओळखतं. ती जागच्या जागी थांबली. मग हळूहळू माझ्याजवळ परत आली. मला वाटलं, आता रडेल, आरडाओरडा करेल. तसं काही नाही. माझा हात धरला तिने.

"टीचर, तू खोटं बोललीस," ती घाबरून, अगदी हळू म्हणाली. "तुझ्या घरी लहान कोण आहे?"

दप्तर पुन्हा पाठीला लावून ती फाटकाबाहेर गेली. थांब म्हणायला हवं होतं, पण कुठल्या तोंडाने म्हणू?

प्रार्थनेची घंटा झाली. मुलं रांगेत उभी राहिली. आणि मी, धर्माचा तास घेणारी बाई, भिंतीआड जाऊन वसईला फोन लावला. लेकीने उचलल्या उचलल्या मी विचारलं, "बाळ बरं आहे ना गं?"

"बरं आहे की. का?" ती म्हणाली.

"नीट बघ," मी म्हटलं. "अंगाला हात लावून बघ."