भाजलेला शिंपला

"पाण्यात कुणी काही घातलं होतं का हो?" दिवाणखान्यातली शोभेची काचेची टाकी सांभाळणाऱ्या टाकीवाल्यानं विचारलं, आणि विचारताना टाकीकडे न बघता शेजारच्या स्टुलाकडे बघितलं.

बस्स, एवढंच. खोटं म्हणावं तर एक अक्षर खोटं नव्हतं. पण त्या घरात पाण्याला हात लावणारा माणूस एकच : मालकीणबाईंचे सासरे, आप्पा. टाकीतलं समुद्राचं पाणी आटेल तेवढं गोडं पाणी रोज सकाळी वरून घालायचं, हे काम टाकीवाल्यानंच त्यांना शिकवलं होतं. निवृत्त माणसाला काम मिळालं की तो साहेबापेक्षा कडक होतो. आप्पा स्टुलावर चढून मापानं पाणी घालत आणि मग वाकून आपल्या शिंपल्याकडे बघत बसत. वीतभर शिंपला, जाड ओठांसारखी त्याची मांसल झालर. सावली पडली की हा प्राणी झटकन मिटतो. आप्पांची सावली मात्र तो ओळखतो, असं आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "सूनबाईंना बघून मिटतो," हे बाई घरात नसताना.

घडलं होतं ते वेगळंच. निळा म्हणून घेतलेला शिंपला सोफ्यावरून तपकिरी दिसतो, अशी बाईंची तक्रार होती. त्याचा निळा रंग वरून बघायचा असतो, आणि त्याला दिव्याच्या उजेडात न्यायचंच तर आठवड्याला चार बोटं वर सरकवायचा, त्याहून जास्त नाही, हे टाकीवाला वीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता. पण बाईंकडे पाहुणे यायचे होते, आणि बाई नाराज होत्या. त्यानं शिंपला वाळूतून उचलला आणि थेट वरच्या खडकावर, टाकीच्या ऐन दिव्याखाली, झालर सोफ्याकडे कलती करून ठेवून दिला. पाहुणे खूश झाले म्हणे. दहाव्या दिवशी झालरीचा मधला भाग उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा पडला होता.

"आप्पा, काय घातलंत?" बाई म्हणाल्या.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हात धुऊन गेलो होतो मी," ते म्हणाले. मग तळहाताकडे बघत, "साबण राहिला असेल हाताला."

आता तरी टाकीवाल्यानं तोंड उघडायचं. पण आपल्या हातून आजवर एक शिंपला गेला नाही, अशी त्याची शेखी होती. तो नुसता "हं" म्हणाला. त्या दिवसापासून आप्पांना टाकीला हात लावायची बंदी झाली आणि स्टूल माळ्यावर गेलं.

शिंपला त्यानं खाली, खडकाच्या सावलीत आणून ठेवला. दर आठवड्याला तो बघायला जाई आणि आप्पा लांबच्या खुर्चीतून माफी मागत. तुमची मेहनत माझ्यामुळे वाया गेली, म्हणत. घरी त्यानं बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हाताऱ्याच्या डोक्यावर खापर फोडून घास उतरतो तुमच्या घशाखाली?" उतरत होता, हीच तर लाज होती.

सहाव्या आठवड्यात झालरीच्या कडेनं निळी रेघ परत दिसू लागली. त्या दिवशी तो हात पुसून थेट आप्पांसमोर जाऊन उभा राहिला. बाई दारातच होत्या.

"आप्पा, साबणाबिबणाचं काही नव्हतं. मीच त्याला एका दमात उजेडात नेला. भाजला तो. चूक माझी."

आप्पा त्याच्याकडे बघून हसले. "मन मोठं आहे तुमचं. पण माझ्यासाठी स्वतःवर नका घेऊ. वय झालं की चुकतो माणूस."

"खरं सांगतोय आप्पा."

"तेच म्हणतो मी. एवढं कोण करतं?"

बाईंनाही ते पटलं. किती सांभाळून घेता हो, असं म्हणून त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, आणि आप्पांना टाकीपासून लांब ठेवलंय तेच बरं, पडले-झडले म्हणजे, असंही जोडलं. तो आणखी दोनदा तेच बोलला. दर वेळी त्याची किंमत थोडी वाढलीच. वीस वर्षांची अब्रू त्याच्याच साक्षीवर विश्वास ठेवायला तयार नव्हती.

आप्पांची औषधाची वेळ झाली होती. आतल्या खोलीची वाट टाकीवरूनच जात होती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले आणि समोरच्या भिंतीला अंग घासत, काचेपासून हातभर लांबून, ते हळूहळू निघून गेले.