जिवंत माणसाच्या नावाची ओळ

मित्रांनो, मी मृत्यूंची नोंदवही आहे. माझं नाव काढलं की घरातली मोठी माणसं "शुभ बोल" म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण घाबरू नका. मी कुणाला नेत नाही, गेलेल्यांची नावं तेवढी जपते. देवाने मला एवढंच काम दिलं होतं आणि तेही माझ्याकडून नीट झालं नाही. म्हणून आज मान खाली घालून बोलते आहे.

सिल्वासातल्या एका सरकारी कचेरीत १९९३ साली मला पहिल्यांदा उघडलं गेलं. माझी पानं जाड होती, पाठ लाल कापडाची होती. नाव, वडिलांचं नाव, वय, गाव, मरणाचं कारण, खबर देणारा, असे रकाने आणि कडेला शेऱ्यासाठी कोरी जागा. लिहिणारे सुधाकरराव रत्नागिरीकडचे. सकाळी हात धुऊन, मला कपाळाला लावून मगच ते पेन उचलत. म्हणायचे, "या वहीत माणूस एकदाच येतो. सावकाश लिहावं." एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझं पान न् पान उलटलं आणि अख्ख्या वहीत एकही खाडाखोड नाही म्हणून शाबासकी दिली. मला फार गर्व झाला हो. खाडाखोड नाही म्हणजे चूक नाही, असंच मी धरून बसले.

त्याच वर्षीच्या श्रावणात खडोलीतल्या एका कारखान्याचा मुकादम दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आला. त्याच्याकडचा एक कामगार काविळीने गेला होता. दमणगंगेच्या काठी अग्नी देऊनही झाला होता. सुधाकररावांनी विचारलं, घरचं कोणी आहे का? मुकादम म्हणाला, गाव लांब, खानदेशात, शिरपूरकडे. एका जाणाऱ्याबरोबर निरोप धाडलाय. कामगाराचं नाव त्याला जे ठाऊक होतं तेच त्याने सांगितलं आणि माझ्यावर सुंदर अक्षरात उमटलं: भिका झिपरू महाले, वय तीस.

मी भरले, तशी माझी जागा दुसऱ्या वहीने घेतली. पुढे संगणक आले. मला फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं. कसर लागली, पाठीचं कापड विटलं. कोणी विचारायला आलं नाही, याचं मला वाईट वाटायचं. आता वाटतं, तेव्हा कोणी यायला हवं होतं खरं, पण माझं तोंड पाहायला नव्हे, मला जाब विचारायला.

जाब विचारायला आली रोशनी. सिल्वासाजवळच्या सामरवरणीत राहणारी वीस वर्षांची पोर. बाप नवनाथ मसाटच्या कारखान्यात कामाला. तिची सुपारी फुटली त्या दिवशी नवऱ्या मुलाच्या आत्याने आजोबांची चौकशी केली आणि कोणीतरी पानाचा तोबरा सांभाळत म्हणालं, "ते गेले पळून." सगळे हसले. रोशनीची आजी कोंडाबाई पदर सावरत आत निघून गेली. बत्तीस वर्षं ती असंच ऐकत आली होती. नवरा सुकदेव सिल्वासाला कामाला गेला, दुसऱ्याकडून लिहवलेली चार पत्रं आली, मग बंद. ही मात्र दर वटपौर्णिमेला उपास धरायची, वडाला सूत गुंडाळायची. गावातल्या बायका म्हणायच्या, सुताने वड बांधला बाई, पण नवरा काही बांधला गेला नाही.

रोशनीने आधी आसपासच्या मतदारयाद्या पाहिल्या. सुकदेव नव्हता. मग ती कचेरीत आली. तिथल्या गौरीताईंना म्हणाली, "मॅडम, आजोबा जिवंत असतील तर कुठे राहतात ते शोधीन. नसतील तर तुमच्याकडे एन्ट्री असेल. दोन्हीपैकी एक तर पाहिजेच ना." गौरीताई शांत स्वभावाच्या. त्यांनी मला माळ्यावरून उतरवलं, फडक्याने पुसलं आणि दोघी एकेक ओळ वाचू लागल्या. सुकदेव सापडेना. माझ्यात तो नव्हताच, कारण मी त्याला लिहिलंच नव्हतं.

श्रावणाच्या पानावर रोशनी थांबली आणि हसली. "मॅडम, ही गलत एन्ट्री आहे. हे आमचे मोठे आबा, आजोबांचे सख्खे भाऊ. सुपारीत तीनदा जिलेबी मागून घेतली त्यांनी."

मग तिचं हसू हळूहळू विझलं. वडिलांचं नाव तेच, गाव तेच. आणि मोठे आबा तर शेतीवाडी सोडून कधी सिल्वासाला आलेच नव्हते. रोशनीने तिथूनच आबांना फोन लावला. ओळ वाचून दाखवली. पलीकडून फोन बंद झाला. त्या क्षणी मला कळलं, मित्रांनो, की मी काय करून बसले आहे.

आठवडाभराने भिका महाले आले. पांढरी टोपी, हातात पिशवी. गौरीताईंनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. कोंडाबाई डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी. खानदेशात धाकट्या भावाची बायको मोठ्या दिराशी समोरून बोलत नाही. ती म्हणाली, "रोशनी, तुझ्या आबांना इचार, मेल्या माणसाला यांचं नाव कसं लागलं?"

आबा तिच्यापासून दोनच हातांवर होते. त्यांनीही रोशनीलाच सांगितलं. कारखान्यात सातवी पास पाहिजे होता. सुकदेव शाळेत गेलाच नव्हता. भिका सातवी पास, पण त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला पेटीत नुसता पडून. मग दोघा भावांत एक दाखला. सुकदेव तो घेऊन भिका म्हणून कामाला लागला. कोणाला सांगायचं नाही, असं ठरलं.

आणि निरोप पोचला होता, मित्रांनो. श्रावणातच पोचला होता. एक जण एस.टी.तून उतरला आणि पारावर सांगू लागला, सिल्वासाला भिका वारला. भिका तर तिथेच बसून बिडी ओढत होते. सगळा पार खो खो हसला. मरणाची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं, असं आपल्याकडे मानतात. कोणीतरी दुकानातून साखर आणली आणि त्यांच्या तोंडात घातली.

"साखर तोंडात व्हती," आबा म्हणाले, "अन् मले समजलं कोण गेला ते."

ती साखर त्यांनी गिळली आणि गप्प राहिले. खोट्या दाखल्यापायी पोलीस येतील, ही पहिली भीती. एक वर्ष गेल्यावर, आता इतक्या उशिरा काय सांगू, ही दुसरी. वटपौर्णिमेला भावजय ताट घेऊन निघाली की ते वावरात निघून जात.

कोंडाबाई वळली. पदर तसाच डोक्यावर, पण पहिल्यांदाच थेट त्यांच्याकडे पाहून बोलली.

"बत्तीस वरीस मी टाकलेली बाई होते, दादा. आज विधवा झाले. ते मला सोडून गेले नव्हते, एवढं एक वाक्य होतं तुमच्यापाशी."

आबांनी टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. तिने त्यांना शिव्या दिल्या नाहीत, माफही केलं नाही.

मृत्यूच्या नोंदीत दुरुस्ती करायची तर खरं ठाऊक असलेल्या दोन माणसांचा जबाब लागतो. गौरीताईंनी आबांना समजावलं, यात दाखल्याची गोष्ट लिहावी लागेल, खाली सही करावी लागेल. आबा म्हणाले, "लिहा." जबाब त्यांनी सातवी पास हाताने, थांबत थांबत, स्वतःच लिहिला. दुसरा कोंडाबाईचा, अंगठ्याचा. कागद वर गेले, महिन्याभराने मंजूर होऊन आले. जुनी ओळ खोडायची नसते. गौरीताईंनी तिच्या कडेला लिहिलं: मयताचं खरं नाव सुकदेव झिपरू महाले.

कोंडाबाईने ते नाव रोशनीकडून दोनदा वाचून घेतलं. मग मला हात लावून नमस्कार केला. मित्रांनो, माझ्याच्याने तो नमस्कार सोसवला नाही.

म्हणून विनवते, कोणत्याही सरकारी कागदावर नाव सांगाल तेव्हा स्वतःचं सांगा; भावाचंही उसनं नको. घरातलं हरवलेलं माणूस शोधायला आमच्यासारख्या वह्या जरूर उघडा, पण नाव सापडलं नाही म्हणून लगेच मिटू नका. बापाचं नाव वाचा, गाव वाचा. आणि तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस एखादं नाव निघताच उठून बाहेर जात असेल, तर त्याच्या मागोमाग जा. शेजारी बसा, घाई करू नका. त्याला सांगायचं असतं, लाजेने तोंड उघडत नाही. मला तर तोंडच नाही. माझ्यात अशा अजून किती ओळी आहेत, ते तुम्ही विचारायला आलात तरच कळेल.