लढाईला न गेलेला घोडेस्वार

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा घोडेस्वार आहे. जुना म्हटलं तर कुणाला पटत नाही, कारण अंगावर साधा ओरखडा नाही. तेच तर माझं दुखणं आहे!

माझे मालक घड्याळजी. त्यांनी शिसं वितळवून मला साच्यात ओतलं आणि घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून रंगवलं. निळा डगला, लाल पट्टा, बोटभर अंगावर सोनेरी बटणंसुद्धा! मालकांचा खेळ म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या पलटणींची लुटुपुटूची लढाई. जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड, त्याखाली पुस्तकं सारून केलेल्या टेकड्या, चाल मोजायला फूटपट्टी आणि कोण पडलं ते ठरवायला फासे. दर रविवारी त्यांच्या थोरल्या बहिणीची फौज समोर असायची. ताई शाळेत गणित शिकवायच्या.

आम्हा घोडेस्वारांना मालक टेकडीमागे उभं करायचे. लढाई ऐन रंगात यायची, पायदळ पटापट आडवं पडायचं आणि आम्ही आपले मख्ख उभे. मी मनातल्या मनात ओरडायचो, पण शिशाचं कोण ऐकतो?

"अरे, त्या घोड्यांचं काय लोणचं घालणार आहेस?" ताई विचारायच्या.

"रंग उडेल गं ताई. पुढच्या वेळी काढतो."

पुढची वेळ काही उजाडली नाही. दर रविवारी हरायचं आणि वर म्हणायचं, "फासेच वाईट पडतात." नाचता येईना, अंगण वाकडं! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका रविवारी ताईंनी आपल्या तोफा मुद्दाम उघड्यावर आणून ठेवल्या.

"हे बघ, वाट मोकळी सोडलीय. घोडे काढलेस तर जिंकशील. नाही काढलेस, तर मी पुन्हा यायची नाही. खेळायला ये म्हणतोस आणि खेळत नाहीस. तुला हरवून हरवून कंटाळा आला मला."

मालकांनी हात पुढे केला. मला चिमटीत उचललं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला तोफा समोर दिसल्या! मग त्यांनी माझ्यावर फुंकर मारली, घोड्याच्या शेपटीवरची धूळ उडवली आणि मला परत टेकडीमागे ठेवलं.

ताईंनी चष्मा काढून डबीत ठेवला, पिशवी उचलली. "बरं आहे," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. आता मी काचेच्या कपाटात असतो. पाहुणे म्हणतात, "वा, अगदी कालचा वाटतो!" ऐकून अंगाची लाही होते. रविवार आला की मालक मऊ ब्रशने मला पुसतात आणि पुसता पुसता दाराकडे बघतात. अहो, दाराकडे काय बघता? ताईंचं घर दोन गल्ल्या सोडून तर आहे!

मित्रांनो, खेळणी जपा, नाही कोण म्हणतं? पण खेळून जपा. टवका उडाला तर रंग पुन्हा लावता येतो. आणि घरचं कुणी रुसून गेलं असेल, तर हातातला ब्रश खाली ठेवा आणि आधी पायात चपला घाला.